पुरासाठी घेतलेली चार लाइफ जॅकेटं

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या स्लॅबवर दोन रात्री काढल्या. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. 2021 ला पुन्हा तेच. आता महिन्याचा पाऊस आठवड्यात कोसळतो, वरनं कोयनेचं पाणी सुटतं. म्हणून यंदा मेमध्येच चार जॅकेटं ऑनलाइन मागवली, प्रत्येकी साडेआठशेला.

मोठ्यांची तीन चांगली निघाली. आत फोम आहे, हवा भरायची भानगड नाही. कंबरेला दोर बांधून आम्ही विहिरीत उतरलो. मिस्टर 82 किलोचे, हातपाय न हलवता तरंगले, तोंड पाण्याबाहेर. शिट्टी भिजल्यावरही मळ्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

खरी अडचण मांड्यांमधून घ्यायच्या पट्ट्याची. जाऊबाईंना सहावारीवर तो लावताच येईना, आणि पट्ट्याशिवाय पाण्यात जॅकेट सरळ कानापर्यंत वर सरकतं. सासूबाईंची नऊवारी. त्या म्हणाल्या, "काष्ट्यातनं जातोय की पट्टा, मला काय त्रास न्हाई." रात्री पाणी चढताना कपडे बदलायला कोण थांबणार? पावसाळाभर सलवार घालूनच झोपायचं, असं आम्ही दोघी जावांनी ठरवलंय. बायका साडी नेसतात, हे जॅकेट बनवणाऱ्यांच्या लक्षातच आलेलं नाही, याचा मला राग येतो. पुरात म्हातारी माणसं, पोरं आणि बायकाच घरात मागं राहतात.

चौथं जॅकेट मुलांचं, ते अजिबात घेऊ नका. त्यावर नुसतं 'लहान' छापलंय, किती किलोसाठी ते नाही. मानेमागं उशी नाही. पुतणी पाच वर्षांची, 15 किलोची. गोठ्याजवळच्या हौदात, माझे हात तिच्या काखेखाली धरून जरा सैल सोडलं, तर जॅकेट वर आलं आणि ती हनुवटीसकट आत गेली. तसंच उचललं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. विक्रेत्याला तीनदा लिहिलं. परत करायची मुदत संपली, एवढंच उत्तर.

जॅकेटं माळ्यावर ठेवू नका, उंदीर फोम कुरतडतात. आमची दाराच्या मागं खुंटीला आहेत.

पुतणीसाठी वजनाचा आकडा छापलेलं, मानेला उशी असलेलं जॅकेट शोधतेय. तोवर पुलाजवळ पाणी 35 फुटांवर आलं की ती आणि सासूबाई आधी मिरजेला मावशींकडे जातील. आम्ही जनावरं हलवून मागनं.