सोलर वॉटर हीटर: तांब्याच्या प्लेटचा की काचेच्या नळ्यांचा?

सोलर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी किंमत विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न पाण्याचा: नळाचं की बोअरचं?

एफपीसी, म्हणजे तांब्याच्या प्लेटचा सोलर. काचेखाली काळा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. पाणी मऊ असेल तर तो १५-२० वर्षं विनातक्रार चालतो. प्रेशर पंपाचा दाब पेलणारी मॉडेलंही मिळतात. बोअरचं जड पाणी मात्र या नळ्यांना सोसत नाही. आत क्षार धरतात, वाट अरुंद होते आणि कडक उन्हातही टाकीतलं पाणी कोमटच राहतं. मग अॅसिडने धुणं आलं, आणि त्यानेही सगळ्या नळ्या मोकळ्या होतीलच असं नाही.

काचेच्या नळ्यांचा, म्हणजे ईटीसी, स्वस्त पडतो. दुहेरी काचेमध्ये थर्माससारखी निर्वात पोकळी असते, त्यामुळे नाशिकच्या डिसेंबरातही कमावलेली उष्णता सहज निसटत नाही. क्षार इथेही साचतात, पण नळी काढून धुता येते. तोटा असा की एक नळी फुटली तरी टाकीतलं पाणी गच्चीवर वाहून जातं आणि नवी बसेपर्यंत सोलर बंद. शिवाय पाणी दिवसाआड येत असेल तर जपावं लागतं: रिकाम्या नळ्या उन्हात तापलेल्या असताना गार पाणी सोडलं की काच तडकते. टाकी भरायची ती सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर.

म्हणून बोअर असेल तर डोळे झाकून ईटीसी घ्या. पाणी मऊ, पुरवठा नियमित आणि घर स्वतःचं असेल तर एफपीसीचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

चौघांच्या घराला १०० लिटर पुरतो. एवढं पाणी विजेवर २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट लागतात. पण प्लंबरला पाइपचा मार्ग आधी विचारा. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप २५ मीटर झाला, तर गरम पाणी येण्याआधी सात-आठ लिटर गार पाणी वाहून जातं. पाइपला इन्सुलेशन हवंच.

आणि जुना गिझर काढून टाकू नका. आषाढात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा दोन्ही प्रकार सारखेच थंड.