रेसेंडेत घर भाड्याने घेताय? दार उघडलं म्हणून भुलू नका

चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून कामासाठी ब्राझीलला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय, कारण भाड्याच्या घरापायी मी स्वतः फसलोय. रेसेंडे म्हणजे रिओ आणि साओ पावलोला जोडणाऱ्या महामार्गावरचं, पाराइबा नदीकाठचं, सव्वा लाखाच्या वर वस्तीचं शहर. फोक्सवॅगनचे ट्रक इथे १९९६ पासून बनतात, निस्सानचा कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला, शिवाय लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी आहे. बदलीवर येणारी-जाणारी माणसं बारमाही. त्यामुळे घर शोधणाऱ्याकडे कुणी संशयाने बघत नाही, आणि दाखवणाऱ्याकडेही.

परदेशी माणसाची खरी अडचण भाड्याची नसते, जामीनदाराची असते. एजन्सी 'फियादोर' मागते. म्हणजे बहुधा त्याच शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला माणूस, जो तुम्ही भाडं थकवलंत तर भरेल. नुकत्याच आलेल्या पुणेकराला असा माणूस कोण देणार? कंपनीने दिलेल्या हॉटेलची मुदत संपत आलेली, बायको आणि मुलगी यायच्या बेतात. तेवढ्यात जाहिरात दिसली: कांपोस एलिझेओस भागात दोन बेडरूमचा फ्लॅट, सामानासकट, भाडं २,२०० रेयाल, फियादोरची गरज नाही.

घर मी आतून पाहिलं, हे आधी सांगतो, कारण 'न बघता पैसे दिलेस का?' हा प्रश्न मला हमखास येतो. माणसाने स्वतः किल्लीने दार उघडलं. लष्करात आहे, मनौसला बदली झाली, म्हणाला. या गावात ही गोष्ट कुणालाही पटते. त्याने कॉफी दिली, शॉवरचं पाणी गरम होतं का ते दाखवलं, वरच्या मजल्यावरचं कुत्रं रात्री भुंकतं हेसुद्धा प्रामाणिकपणे सांगितलं! छापील करार तयार होता. तीन महिन्यांची अनामत, म्हणजे 'कौसांव', आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. ८,८०० रेयाल, आपले दीड लाखाच्या घरात. पैसे पिक्सने त्याच्या बायकोच्या खात्यावर. पिक्स म्हणजे इथलं यूपीआय समजा, क्षणात जातात.

सामान घेऊन पोचलो तर फाटकाशी फ्रिज-कपाटांनी भरलेला टेम्पो उभा. एक नर्सबाई आणि एक तरुण जोडपं, तिघांच्याही हातात त्याच फ्लॅटचे करार. वॉचमनने उलगडा केला: मालकीणबाई साओ पावलोला असतात, फ्लॅट इतातियायाच्या डोंगरात फिरायला येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी देतात. आमचा 'लष्करी अधिकारी' तसाच एक पाहुणा होता. शनिवार-रविवार फ्लॅट घेतला, गिऱ्हाइकं एकामागून एक बोलावली, सोमवारी किल्ली परत करून गेला.

भाषा येत नव्हती म्हणून फसलास, असं घरच्यांकडून ऐकावं लागलं. फाटकाशी उभ्या त्या तिघांची मातृभाषा पोर्तुगीज होती.

नंतर कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी जे सांगितलं ते आधी कुणी सांगायला हवं होतं. इथे १९९१ चा भाडेकरू कायदा आहे. त्यानुसार अनामत तीन भाड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि अनामत किंवा दुसरी हमी घेतली असेल तर नेहमीच्या भाडेकरारात भाडं आगाऊ मागता येत नाही. दोन्ही एकदम मागितलं तिथेच थांबा. मालकी तपासायची तर नोंदणी कार्यालयातून त्या मिळकतीची 'मात्रीकुला' काढा, आपल्या प्रॉपर्टी कार्डासारखी. ती कुणालाही शुल्क भरून मिळते. तिच्यावरचं नाव, करारातलं नाव आणि पिक्स पाठवताना पडद्यावर येणारं नाव जुळलं पाहिजे. 'बायकोचं खातं' वगैरे ऐकून घेऊ नका. मधे दलाल असेल तर त्याचा क्रेसी क्रमांक, म्हणजे दलालांच्या परिषदेकडचा नोंदणी क्रमांक, घेऊन परिषदेच्या साइटवर तपासा, आणि त्याच्या कार्यालयात जाऊनच बोला.

पैसे गेलेच तर पहिला फोन स्वतःच्या बँकेला. पिक्समध्ये फसवणुकीचे पैसे परत मागायची सोय २०२१ पासून आहे, ८० दिवसांच्या आत मागता येतात, पण तेव्हा समोरच्या खात्यात काही उरलं असेल तरच मिळायचे. आमच्या वेळी खातं रिकामं निघालं. पोलिसांकडे फक्त घटना नोंदवून भागलं नाही. आरोपीवर कारवाई हवी असं वेगळं लिहून द्यावं लागलं. २०१९ च्या कायद्याने फसवणुकीच्या गुन्ह्याला तेव्हा ही अट होती, आणि ठाण्यात कुणी आपणहून सांगितलं नाही. नर्सबाईंनी विचारलं म्हणून आम्हा सगळ्यांचं काम झालं.

आता राहतो ते घर एजन्सीमार्फत, फियादोरऐवजी भाडेविमा घेऊन. मला वर्षाला एका भाड्याहून थोडा जास्त हप्ता पडतो, तो परत मिळत नाही, म्हणून आपली मंडळी कुरकुरतात. कंपनीशी ब्राझीलला यायच्या अटी ठरवतानाच हा हप्ता कंपनीच्या गळ्यात घाला. विमानात बसल्यावर कुणी ऐकत नाही.