क्योटोचं मांगा म्युझियम: पुस्तकांपेक्षा शाळाच भाव खाऊन जाते

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचत नसाल तरी जा, हे आधीच सांगून टाकते. क्योटो इंटरनॅशनल मांगा म्युझियम कारासुमा-ओइके स्टेशनपासून अगदी दोनेक मिनिटांवर आहे, आणि ते ज्या इमारतीत आहे ती म्हणजे 1995 मध्ये बंद झालेली तात्सुइके प्राथमिक शाळा. शहराच्या मधल्या भागातली वस्ती घटली, वर्गात बसायला पोरंच उरेनात, मग शाळा एकमेकींत विलीन करून टाकल्या. 2006 ला महापालिका आणि क्योटो सेइका युनिव्हर्सिटीने मिळून तिथे हे म्युझियम सुरू केलं.

पण मला जास्त आवडली ती त्याच्या आधीची गोष्ट. तोवर क्योटोत राहणारे सम्राट 1869 मध्ये टोकियोला गेले आणि क्योटोवाल्यांना धास्ती बसली की आता आपल्या शहराला कोण विचारतंय, तर रडत बसायचं सोडून त्याच वर्षी तिथल्या वॉर्डावॉर्डातल्या लोकांनी 64 प्राथमिक शाळा उघडल्या, आणि सरकारचं शिक्षण धोरण यायला तेव्हा अजून तीन वर्षं होती बरं का! पैसा कुठून आला, तर ज्या घरात चूल पेटते त्या घराने वर्गणी द्यायची, सरळ हिशोब. शाळेतच वॉर्डाच्या बैठका व्हायच्या, आगीवर नजर ठेवायला मनोरा पण तिथेच. तात्सुइके त्या 64 मधलीच. आत्ताची इमारत अर्थात नंतरची, 1920-30 च्या दशकांतली. शाळेच्या इतिहासाची एक वेगळी खोली आहे, बरेच जण तिच्यासमोरून सरळ निघून जातात, तुम्ही जाऊ नका.

बाकी म्युझियम मस्तच. लाकडी जमीन पावलागणिक करकरते, भिंतीभिंतीला कपाटं, सगळी मिळून 200 मीटर आणि त्यात 50 हजार मांगा, हवी ती काढा, कुठेही फतकल मारून वाचा, कोणी हटकत नाही. पहिल्या मजल्यावर मुलांसाठीची, दुसऱ्यावर मुलींसाठीची, तिसऱ्यावर मोठ्यांची (ही वाटणी मला जरा जुनाट वाटली, पण असो). खेळाच्या मैदानात आता हिरवळ आहे, हवा चांगली असली की लोक तिथे चक्क लोळत वाचतात. एकूण संग्रह 3 लाखांच्या घरात, त्यातला बराचसा अभ्यासकांसाठी आत ठेवलेला.

जपानी येत नसेल तर भिंतीवरची पुस्तकं फक्त चित्रं बघण्यापुरती, कारण भाषांतरांचा कोपरा त्यामानाने छोटाच आहे. कामिशिबाईचा खेळ असेल तर मात्र चुकवू नका, एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगतात, सांगणारा इतके हावभाव करतो की भाषेचं फारसं अडत नाही.

तिकिटावर त्या दिवशी बाहेर जाऊन परत येता येतं, त्यामुळे जेवायला बाहेर पडा आणि पुन्हा या. जमलं तर जवळचं क्योटो आर्ट सेंटर पण बघा, तीही जुनी मेइरिन शाळाच, आत कॅफे आहे. आणि बुधवार टाळा, म्युझियम सहसा बंद असतं.