टोकन पाठवायला फोन बरा की टर्मिनल?

सांगलीत विश्रामबागेकडच्या इंजिनीअरिंगच्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न: सोलाना या ब्लॉकचेनवरचे टोकन (डिजिटल नाणी) पाठवायला-घ्यायला फँटमसारखं फोनमधलं वॉलेट अॅप पुरतं, की कमांड लाइन, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम देणं, शिकायचीच? माझं मत आधीच सांगतो. नुसते घ्यायचे असतील तर फोन. अधूनमधून एखाद्याला पाठवायचे असतील तरी फोनच. पण कॉलेजच्या स्पर्धेत शंभर जणांना वाटायचे असतील, तर टर्मिनल उघडा.

घेण्यात फरक असा नाहीच. फोनवर क्यूआर दाखवायचा, टर्मिनलवर ‘सोलाना अॅड्रेस’ टाइप करून आलेला पत्ता कॉपी करून द्यायचा. टोकन येताना लॅपटॉप बंद असला तरी चालतं.

खरी गंमत पाठवताना आहे. सोलानावर प्रत्येक प्रकारच्या टोकनसाठी वेगळं टोकन अकाउंट लागतं. समोरच्याकडे ते नसेल तर फोनवरचं वॉलेट ते परस्पर उघडून देतं. टर्मिनलवरचं ‘एसपीएल-टोकन’ हे टोकन पाठवायचं टूल मात्र तिथंच अडतं: ‘फंड-रिसिपियंट’ हा पर्याय जोडा, म्हणजे अकाउंट उघडायचा खर्च तुमचा. हा खर्च साधारण ०.००२ सोल (सोलानाचं स्वतःचं चलन), आणि व्यवहाराची मूळ फी फक्त ०.०००००५ सोल. चारशे पट! एकट्याला पाठवताना हे कळतही नाही. शंभर नव्या माणसांना वाटताना ०.२ सोल तिथंच जातात. टूल अडतं म्हणून पोरं वैतागतात, पण मला ते अडणंच आवडतं, कारण खर्च आधीच कळतो.

शंभर पत्ते फाइलमध्ये ठेवून छोटी स्क्रिप्ट फिरवली की काम होतं. आधी डेव्हनेटवर, म्हणजे सोलानाच्या चाचणीसाठीच्या नेटवर्कवर, फुकटचे सोल घेऊन रंगीत तालीम करता येते. एक धोका मात्र नीट समजून घ्या. टाइमआउटचा मेसेज आला म्हणजे व्यवहार फसलाच असं नाही. प्रत्येक व्यवहारात ताजा ब्लॉकहॅश (नुकत्याच झालेल्या ब्लॉकची खूण) असतो आणि तो दीडशे ब्लॉक, म्हणजे मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ, चालतो. तेवढ्यात तुम्ही पुन्हा एंटर मारलात आणि पहिलाही पोचला, तर एकाच माणसाला दोनदा गेले. परत मागायला इथं बँकेची शाखा नाही. आधी व्यवहाराची सही (त्या व्यवहाराची ओळख असलेली अक्षरांची लांब ओळ) देऊन ‘सोलाना कन्फर्म’ चालवा, मगच पुढचं.

फोनवाल्यांचा धोका वेगळा. पहिली-शेवटची चार अक्षरं जुळणाऱ्या पत्त्यावरून कुणीतरी चिमूटभर टोकन पाठवून ठेवतो, आणि पुढच्या वेळी आपण हिस्टरीतून तोच पत्ता उचलतो. फाइलमधून पत्ते घेणारा यातून बऱ्यापैकी वाचतो.

चावी, म्हणजे पैसे हलवायचा गुप्त कोड, सांभाळण्यात मात्र फोन सरळ पुढे. टर्मिनलवर चावी बनवणाऱ्या ‘सोलाना-कीजेन’ने केलेली आयडी डॉट जेसन ही फाइल साधी, उघडी असते, लॅपटॉप ज्याच्या हाती, सोल त्याचे. मोठी रक्कम असेल तर टर्मिनलला लेजर, म्हणजे चावी आतच ठेवणारं छोटं उपकरण, जोडा. चावी परत मिळवून देणाऱ्या बारा शब्दांचा कागद दोन्हीकडे लागतोच, आणि २०१९चा कृष्णेचा पूर पाहिलेल्यांना तो तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नका हे वेगळं सांगायला नको.

कर दोन्हीकडे सारखाच: नफ्यावर ३० टक्के, शिवाय विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएस. हिशेबासाठी टर्मिनल सोयीचं, कारण बऱ्याच कमांडचं उत्तर जेसन (प्रोग्रामला वाचता येईल अशा) स्वरूपात फाइलमध्ये टाकता येतं.

फोनवरून टर्मिनलवर यायचं ठरवलंत तर तेच बारा शब्द देऊनही वेगळाच, रिकामा पत्ता दिसू शकतो. घाबरू नका, पैसे गेलेले नसतात. फँटम एका ठरावीक डेरिव्हेशन पाथवरून (शब्दांपासून चावी काढायच्या वाटेवरून) चावी काढतो, ‘सोलाना-कीजेन’ मुळात पाथ वापरतच नाही. रिकव्हर करताना तो पाथ सांगा आणि फोनवरचाच पत्ता आला का, ते अक्षर न् अक्षर ताडून पाहा.