सात महिने ऐकल्यानंतर: 'मेट्रॉइड'च्या संगीताचा एक काळाकुट्ट इंडस्ट्रियल रिमिक्स

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हा रिमिक्स लागोपाठ चार वेळा लावला होता. रात्रीची वेळ, कानांवर हेडफोन, आणि १९८६ सालच्या 'मेट्रॉइड' या व्हिडिओ गेममधलं क्रेड नावाच्या राक्षसाच्या बिळाचं संगीत भट्टीतून काढल्यासारखं तापून समोर येत होतं. त्याच रात्री विकत घेऊन पूर्ण दर्जाची फाइल उतरवून घेतली. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आज सात महिने झालेत. दरम्यान तो मी हेडफोनवर, गाडीत, टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर, काम करताना आणि व्यायाम करताना ऐकलाय. मूळ खेळही पुन्हा एकदा शेवटपर्यंत खेळून झाला. मत बरंच बदललंय.

साडेसहा मिनिटांचा तुकडा आहे. पहिलं दीड मिनिट साखळ्यांचा खळखळाट, दूर कुठेतरी धापा टाकणारं यंत्र, जड दार सरकल्याचा आवाज. मग किक (ठेक्याचा जड ढोल) सुरू होते, तिच्या मागोमाग खालचा बेस, आणि नंतर मूळ चाल. चौथ्या मिनिटाच्या आसपास पंचेचाळीसएक सेकंद जवळजवळ सगळं थांबतं. पुढे तेच सगळं आणखी जोरात येतं आणि संपतं.

मूळ संगीत हिरोकाझू तानाका यांचं. त्या काळच्या इतर खेळांत गोड, गुणगुणण्याजोग्या चाली भरलेल्या असायच्या. तानाकांना नेमकं तेच नको होतं. संगीत कुठे संपतं आणि खेळातले आवाज कुठे सुरू होतात हे खेळणाऱ्याला कळू नये, आपण एखाद्या जिवंत प्राण्याच्या समोर उभे आहोत असं त्याला वाटावं, हा त्यांचा हेतू होता. मोकळी, मनात राहणारी चाल त्यांनी शेवटासाठी राखून ठेवली: मदर ब्रेन या शेवटच्या शत्रूला हरवल्यावरच ती मिळते. म्हणजे या संगीतातला काळोख मुळातच ठरवून घातलेला आहे. मग त्याचा 'डार्क' रिमिक्स करणाऱ्यासमोर एक अवघड प्रश्न उभा राहतो: जे आधीच काळोखात आहे त्यावर आणखी काळा रंग फासून काय मिळवायचं? सात महिन्यांनी माझी सगळी तक्रार या एका प्रश्नाभोवती फिरते.

आधी आवाजाच्या पोताबद्दल सांगते, कारण पहिल्या रात्री मी भुलले ती त्यालाच. निन्टेंडोच्या त्या आठ-बिट कन्सोलच्या चिपमध्ये पाच आवाज होते: दोन पल्स (चौकोनी लहरीचे), एक ट्रायँगल (त्रिकोणी लहरीचा), एक नॉइज (खरखराटाचा) आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. (जपानमध्ये डिस्कवर आलेल्या आवृत्तीला यावर एक जादा आवाज मिळायचा.) बेस बहुतेक वेळा ट्रायँगलवर असायचा. या ट्रायँगलची गंमत अशी की त्याचा आवाज कमीजास्त करताच येत नाही. तो एकतर चालू, नाहीतर बंद. म्हणून जुन्या खेळांमधला बेस असा सपाट, न थकता चालत राहणारा वाटतो. यंत्रांच्या, कारखान्यांच्या आवाजांवर उभ्या असलेल्या इंडस्ट्रियल संगीताला याहून चांगलं काय हवं? भावना न दाखवणारं, एका मापाने चालणारं यंत्र चिपमध्येच बसलेलं आहे.

रिमिक्स करणाऱ्याने या बेसवर दणकून डिस्टॉर्शन चढवलंय, म्हणजे लहर मुद्दाम कापून आवाज खरखरीत केलाय. पहिल्या ऐकण्यात छाती हलते. पण ट्रायँगल लहरीला जोरात कापलं की तिचे वरचे-खालचे कोपरे सपाट होतात आणि ती चौकोनी लहरीजवळ जाते. ट्रायँगलमध्ये वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) फार झपाट्याने क्षीण होतात, म्हणून तिचा आवाज मऊ, पोकळ. चौकोनी लहरीत ते बरेच वरपर्यंत टिकतात, म्हणून तिचा आवाज धारदार. आणि वरची चाल वाजवणारे पल्स आवाज मुळात त्याच चौकोनी जातीचे! म्हणजे डिस्टॉर्शनने बेस मोठा झाला, पण त्याची जात बदलली. वरचा आणि खालचा आवाज एकाच रंगाचे झाले. मूळ तुकडा ऐकताना खाली एक पोकळी जाणवते, तिच्यावर दोन आवाज एकमेकांत गुंफत जातात. इथे ती पोकळी बुजली आहे. तिसऱ्या महिन्यात दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकले तेव्हा हे लक्षात आलं, आणि त्यानंतर ते कानाआड करता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली आहे. कान देऊन ऐकल्यावर माझी खात्री झाली आहे की दोन्ही पल्स आवाज आधी एकत्र करून मग एकाच डिस्टॉर्शनमधून नेले आहेत. वेगवेगळे नेले असते तर प्रत्येकाला आपापली धार आली असती. एकत्र नेल्यावर दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात, आणि ते मूळ सुरांशी जुळतीलच असं नाही. षड्ज-पंचमाची जोडी यातून सुखरूप बाहेर पडते, म्हणूनच रॉक गिटारवाले तीच जोडी डिस्टॉर्शनवर वाजवतात. पण षड्जाबरोबर गंधार आला, त्यातही कोमल गंधार, की चिखल होतो. या तुकड्याचं सगळं सौंदर्य दोन आवाज जवळ येण्यात आणि दूर जाण्यात आहे. ते जिथे जवळ येतात, तिथेच रिमिक्समध्ये घरघर ऐकू येते. पहिल्या महिन्यात ती घरघर मला हेतुपुरस्सर घातलेली वाटायची. आता वाटत नाही, कारण मुद्दाम घातली असती तर ती कुठेतरी नेम धरून आली असती. ती जिथे स्वर जवळ येतील तिथे आपोआप येते.

एका ठिकाणी मात्र डिस्टॉर्शनला श्रेय द्यायला हवं. छोट्या स्पीकरवर खोल बेस ऐकूच येत नाही. इथे वरचे हार्मोनिक वाढलेले असल्यामुळे कान खालचा सूर स्वतःच ओळखतो आणि टेबलावरच्या इवल्या स्पीकरवरही बेस हरवत नाही. गाडीत उलट होतं. तिथे किक आणि बेस साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर येतात, आणि ती मारामारी मिटवायला प्रत्येक किकला बाकी सगळं खाली दाबलेलं आहे. नाचाच्या संगीतात हा हेलकावा चालतो. इथे चालीचे तुकडे होतात.

यंत्रांच्या आवाजांबद्दल माझी नाराजी सगळ्यात जास्त आहे. इंडस्ट्रियल हे नाव १९७६ मध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या ब्रिटिश गटाने सुरू केलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'वरून आलं. १९८० मध्ये बर्लिनला सुरू झालेला 'आइनश्टुर्त्सेन्डं नॉयबाउटन' हा गट तर भंगारातलं लोखंड आणि ड्रिल मशीन घेऊन वाजवायचा. हातात जे खरं लोखंड आहे त्याचाच आवाज काढायचा, ही त्यामागची वृत्ती. आता या रिमिक्समधल्या साखळ्या आणि हातोडे ऐका. स्वच्छ, चकचकीत, कुठल्याही सॅम्पल संचात मिळतील असे. 'मेट्रॉइड'शी त्यांचा काडीचा संबंध नाही. आणि त्या चिपच्या नॉइज आवाजात स्वतःचं लोखंड होतं! त्याचा एक मोड ३२,७६७ पायऱ्यांनंतर स्वतःला पुन्हा म्हणतो, म्हणून तो नुसता सूऽऽऽ असा येतो. दुसऱ्या मोडमध्ये आवर्तन साधारण ९३ पायऱ्यांचं असतं, इतकं छोटं की त्याला सूर येतो, पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखा. त्याला ताणून, खाली उतरवून, त्यावर रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) टाकून कारखाना उभा केला असता तर तो कारखाना या खेळाचा झाला असता. दार उघडण्याचे, क्षेपणास्त्राचे आवाजही हाताशी होतेच. तानाकांना संगीत आणि आवाज यांच्यातली रेषा पुसायची होती. ती पुसण्याची इतकी सोपी वाट समोर असताना रिमिक्सने ती रेषा उलट ठळक केली: इकडे संगीत, तिकडे बाहेरून आणलेले आवाज.

खेळ आणि इंडस्ट्रियल यांचं जमत नाही असं मुळीच नाही. १९९६ च्या 'क्वेक' या गोळीबाराच्या खेळाचं संगीत 'नाइन इंच नेल्स' या इंडस्ट्रियल गटाचं होतं, खेळातल्या खिळ्यांच्या डब्यांवर त्यांचं चिन्हही आहे. आणि त्यांनी केलं काय? ठेका धरून गाणी दिली नाहीत. बराचसा वेळ नुसते गुंजारव, कुजबुज, भिंतीपलीकडून येणारी घरघर. खेळाच्या जागेला श्वास घ्यायला जागा ठेवली. २०१६ च्या 'डूम' या तशाच खेळात संगीतकार मिक गॉर्डनने याच्या अगदी उलट केलं, साध्या साइन लहरी इफेक्टच्या साखळ्यांतून ढकलून राक्षसी आवाज काढले, आणि तेही शोभलं, कारण त्या खेळात खेळणारा क्षणभर थांबत नाही. 'मेट्रॉइड'मध्ये आपण वाट चुकतो, त्याच बोळातून तिसऱ्यांदा जातो, एकटे असतो. तिथे 'डूम'चा आवेश आणला की एकटेपण जातं.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. मीटर लावून पाहिला तर हा तुकडा सरासरी −७ एलयूएफएसच्या (आवाजाचा जाणवणारा जोर मोजायचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा) आसपास भरतो. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा गाणी −१४ च्या जवळ आणून वाजवतात, म्हणजे दाबून मिळवलेला हा जोर तिथे परत काढून घेतला जातो आणि उरतो फक्त दाबलेपणा. शेवटचा 'आणखी जोरात' भाग मीटरवर आधीच्या भागाइतकाच आहे. वर जायला जागाच उरलेली नाही. सलग दोनदा ऐकला की कान थकतात, हे मला दुसऱ्याच आठवड्यात जाणवलं होतं. मुखपृष्ठ ठीकठाक. मध्येच येणारी यांत्रिक आवाजातली दोन वाक्यं नसती तर बरं झालं असतं.

आणि तरी मी हा तुकडा पुसलेला नाही. कारण ती पंचेचाळीस सेकंदं. किक थांबते, बेस एकाच सुरावर थरथरत राहतो, डिस्टॉर्शन ओसरतं आणि वरचा फक्त एक आवाज मूळ चाल अर्ध्या गतीने म्हणतो. दुसरा आवाज येतच नाही. जिथे तो उत्तर देणार असं आपल्याला पाठ असतं, तिथे रिकामी जागा आहे. कान ती जागा स्वतःच भरायला धावतो, आणि भरता येत नाही म्हणून अंगावर काटा येतो. सात महिन्यांत माझ्यावरची त्याची पकड जराही सैल झालेली नाही. साखळ्या नाहीत, हातोडे नाहीत, आणि तरीही साडेसहा मिनिटांतला सगळ्यात काळोखा भाग हाच. ज्याला हे सुचलं त्याला ते बिळ नीट कळलं आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच बाकीच्या सहा मिनिटांचा राग येतो.

रिमिक्स करणाऱ्याने यातले वेगवेगळे आवाज सुटे करून दिले तर मी ते पुन्हा विकत घेईन. तोवर तुम्ही घेणार असाल तर पूर्ण दर्जाची फाइल घ्या, पहिल्यांदा हेडफोनवर ऐका, आणि त्याआधी मूळ तुकडा दोन-तीनदा ऐकून दुसऱ्या आवाजाची उत्तरं कानात बसवून ठेवा, नाहीतर ती रिकामी जागा कळणार नाही. मी पूर्ण तुकडा व्यायामाच्या यादीत टाकलाय, तिथे तो चोख काम करतो. रात्रीच्या यादीत फक्त मधला भाग कापून ठेवलाय. किक परत येण्याच्या अर्धा सेकंद आधी तो संपतो.