बैठकीत लिहायचंय: सराव वहीत, व्हाइटबोर्डवर की चार्टपेपरवर?

वर्षानुवर्षं कीबोर्डवर बोटं चालवली आणि आता गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मार्कर हातात घ्यायची वेळ आली, तर सराव कुठे करावा? तिन्ही मार्ग मी वापरले आहेत, आणि माझा कौल चार्टपेपरला आहे.

वहीचा सराव स्वस्त आणि रोज जमणारा. दुरेघी वही घेऊन पंधरा मिनिटं कित्ता गिरवला, तर अक्षरांचं वळण नक्की सुधारतं. पण वहीत बोटं आणि मनगट चालतं, उभ्या फळ्यावर खांद्यापासून हात चालतो. वहीत मोत्यासारखं अक्षर असणाऱ्यांच्याही ओळी फळ्यावर उजवीकडे चढत जातात, त्या यामुळेच. तुमचं वळणच बिघडलेलं असेल, म्हणजे स्वतःचं लिहिलेलं स्वतःलाच वाचता येत नसेल, तर मात्र सुरुवात वहीपासूनच करा.

व्हाइटबोर्डवर चूक पुसता येते, म्हणून नवख्याला तो बरा वाटतो. पण पृष्ठभाग गुळगुळीत, मार्कर घसरतो, त्यामुळे घाईत अक्षर आणखी सैल पडतं. त्यात दिव्याची चकाकी, आणि बैठक संपली की सगळं पुसून जातं. चर्चेत भराभर मुद्दे टिपायचे असतील, तर तोच सोयीचा.

चार्टपेपरवर कागद मार्करला धरून ठेवतो. हाताचा वेग आपोआप कमी होतो आणि अक्षर सावरतं. ओळी सरळ याव्यात म्हणून एक सोपी गोष्ट करा: २२ बाय २८ इंचांचा कागद उंचीत तीनदा निम्मा दुमडून उघडा. साडेतीन-साडेतीन इंचांचे आठ पट्टे मिळतात. अक्षराचं अंग दीड इंचाचं ठेवलं, तरी वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा उरते. मागच्या रांगेतल्याला वाचायला ही जागा फार लागते. पसरट टोकाचा मार्कर घ्या, काळा किंवा निळा. लाल फक्त अधोरेखित करायला, लांबून तो फिका पडतो. शाई मागे झिरपते, म्हणून भिंतीवर लावलेल्या कागदामागे आणखी एक कागद हवाच.

आपल्या लिपीत एक जागा खास जपायची आहे, ती शिरोरेषा. घाईत आख्ख्या शब्दावर एकच रेघ ओढली की 'भ'चा 'म' होतो, 'ध'चा 'घ'. बचत गटाच्या एका बैठकीत मी रकान्यावर 'भरणा' लिहिलं होतं आणि समोरच्या एका ताईंनी ते 'मरणा' असं वाचलं. पैशांचा हिशेब मांडताना असं वाचलं जाणं मला फार लागलं. तेव्हापासून मी 'भ' आणि 'ध' आला की रेघ तिथे तोडते आणि मगच पुढे जाते. 'ख'चे 'र' आणि 'व' सुटे पडणार नाहीत, खाली जोडलेले राहतील, हेही पाहते.

बैठकीला दोनच आठवडे असतील, तर वही बाजूला ठेवा आणि भिंतीवर कागद लावून रोज एक पान उभ्यानेच लिहा. तेच शब्द लिहा जे बैठकीत लागणार आहेत: जमा, खर्च, हप्ता, व्याज, ठराव, पुढची तारीख. मग खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन घरातल्या कुणाला तरी ते वाचायला सांगा. जिथे ते अडखळतील, तेवढीच अक्षरं दुसऱ्या दिवशी गिरवा.