नागपुरातल्या एका जुन्या गोल्फ क्लबमध्ये नऊ महिने खेळल्यावर

जानेवारीत मेंबरशिप घेतली, आता ऑक्टोबर संपून राहिला, तिन्ही सीझन पाहून झाले म्हणून लिहितो. क्लबचं नाव घेत नाही, रोज तिथेच तोंड दाखवायचं आहे बापा. रिंगरोडच्या पल्याड, प्रायव्हेट, अठरा होल, पार ७२ (म्हणजे चांगल्या खेळाडूने अठराही होल ७२ फटक्यांत संपवावे असा हिशोब), जुना कोर्स.

पैशाचं आधी. सांगतात त्या फीमध्ये कॅडीचे (बॅग उचलून सोबत फिरणाऱ्याचे) पैसे नाहीत, लॉकर नाही, अन् कँटीनमध्ये दर महिन्याला ठरावीक रकमेचं खाल्लंच पाहिजे ही अट फॉर्मच्या मागच्या पानावर. खायला काय तर पोहे, तेही तर्रीशिवाय! नागपुरात!! पहिल्या दिवशी गोल गळ्याचा टीशर्ट घालून गेलो तर गेटवरूनच परत, ते ठीक आहे, चूक माझीच.

कोर्स मात्र मस्त. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मधला पट्टा, अरुंद, दोन्हीकडे कडुनिंब अन् बाभूळ, त्यामुळे माझा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) बहुतेक बॅगेतच राहते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पाणी फक्त ग्रीनला (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताला), काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा, बॉल मस्त गडगडत जाते अन् भेगेत बसते. सातव्या होलवर टिटवीने उघड्यावरच चार अंडी घातली होती, माळ्याने भोवती चुन्याचं रिंगण आखलं होतं. माझा बॉल नेमका त्याच्या आत. टिटवी डोक्यावरून ओरडत झडप घालून राहिली अन् कॅडीकाका म्हणतात, "राहू द्या सर, दुसरा काढा." काढला.

खरी परीक्षा पावसाळ्यात. काळी माती बुटाला अशी चिकटते की चार पावलांत पाय उचलवत नाही, अन् उंच मारलेला बॉल पडल्या जागीच रुतते. रुतला तर पेनल्टी नाही, काढून गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करायचा, पण आधी सापडला पाहिजे ना. २०१९ पासून नियमाने शोधायला पाचऐवजी ३ मिनिटंच, अन् जुलैच्या गवतात ३ मिनिटांत स्वतःची छत्री सापडत नाही. एका महिन्यात ११ बॉल गेले माझे. वरून जोराचा पाऊस झाला की कोर्स दोन-तीन दिवस बंद, मेसेज येते पहाटे पाच वाजता, म्हणजे आपण अर्ध्या रस्त्यात असताना. फी तेवढीच. कॅडींना त्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत, ते मला जास्त खटकलं.

ग्रीन एक नंबर आहेत. मी बसून, वाकून, एक डोळा मिटून लाइन पाहतो अन् काका उभ्या उभ्या सांगतात, पावसाचं पाणी ज्या नाल्याकडे जाते तिकडेच बॉल ओढते. नऊ महिन्यांत पटिंग (ग्रीनवर बॉल हळूच खड्ड्यात ढकलणं) सुधारली ती एवढ्या एका वाक्याने, कोचिंगचे पैसे उगाच गेले.

शनिवार-रविवार सकाळचे टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) जुन्या मेंबरांचेच, नवीन माणसाला साडेअकरा. म्हणून मी रिन्यू करणार, पण वीकडेवालीच. तुम्हाला घ्यायची असेल तर आधी जुलैत एक चक्कर मारून या, जानेवारीत सगळंच हिरवं दिसते.